मडगार्ड कापावेत की बदलावेत? ऑफ-रोड गाडीच्या मालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात थार, जिप्सी, जिम्नी, गुरखा किंवा जुनी जीप बाळगणारे अनेक जण सुटीच्या दिवशी गाडी डांबरी रस्त्यावरून खाली उतरवतात. मोठे टायर बसवल्यानंतर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो मडगार्डचा, म्हणजे ज्याला आता बहुतेक जण फेंडर म्हणतात त्याचा. मूळ मडगार्ड कापून जागा करावी की बाजारात मिळणारे रुंद, उंच कमानीचे मडगार्ड आणून बसवावेत, याविषयी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

मडगार्डला हात लावण्याची वेळ नेमकी केव्हा येते?

टायर पत्र्याला किंवा आतल्या प्लास्टिकला घासू लागतो तेव्हा, आणि त्याआधी नाही. गाडी दिसायला रांगडी व्हावी एवढ्यासाठी पत्रा कापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कापलेला पत्रा पुन्हा जोडता येत असला तरी पहिल्यासारखा कधीच होत नाही.

किती जागा लागेल याचा अंदाज टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांवरून काढता येतो. थारच्या काही आवृत्त्यांना कारखान्यातून २४५/७५ आर १६ हा टायर येतो आणि त्याचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर भरतो. त्याजागी २८५/७० आर १७ बसवला तर व्यास सुमारे ८३१ मिलिमीटर होतो. व्यासातला फरक ५७ मिलिमीटरचा असला तरी चाकाच्या मध्यापासून मोजलेला फरक त्याच्या निम्मा, म्हणजे २८ मिलिमीटर असतो. त्यात टायर ४० मिलिमीटरने रुंदही होतो. हे आकडे पाहून अनेकांना वाटते की कमानीच्या वरच्या बाजूला इंचभर पत्रा काढला की काम झाले. प्रत्यक्षात घासण्याची जागा बहुतेक वेळा वर नसते. ती पुढच्या मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या अलीकडे, आणि बंपरच्या टोकाला असते, कारण स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरचे कोपरे तिकडे फिरतात.

लिफ्ट किट बसवली तर कापावे लागणार नाही ना?

हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे. लिफ्टमुळे, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या सस्पेन्शनच्या सुट्या भागांमुळे, गाडी उभी असताना बॉडी आणि चाक यांतले अंतर वाढते, परंतु एक चाक दगडावर चढून स्प्रिंग पूर्ण दबते तेव्हा चाक पूर्वी जितके वर जात होते तितकेच वर जाते. ते तसे जाऊ नये म्हणून बंप स्टॉपची, म्हणजे चाक किती वर जाईल याची हद्द ठरवणाऱ्या ठोकळ्याची, उंची वाढवावी लागते, आणि तसे केले की चाकाची हालचाल कमी होते, जी मिळवण्यासाठी आपण एवढा खर्च केलेला असतो. म्हणून लिफ्टनंतर बाजारपेठेत फिरताना न घासणारी गाडी ओढ्यात उतरताच घासते, आणि मालक गोंधळून जातो.

टायर कुठे घासतो हे कापण्यापूर्वी कसे ओळखावे?

या एका कामासाठी अर्धा दिवस द्यावा. पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे असतात. आधी अंतिम टायर आणि अंतिम रिम गाडीला चढवलेले असावेत. टायर ठरायच्या आत पत्रा कापणाऱ्यांना पुढे दुसऱ्यांदा कापावे लागल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसते ते ठरवणारे माप, हेही महत्त्वाचे असते. चाक जितके बाहेर येते तितका वळताना त्याचा घेर मोठा होतो आणि मागचा कोपरा अधिक लवकर घासतो, त्यामुळे एकाच मापाचा टायर एका रिमवर घासत नाही आणि दुसऱ्यावर घासतो.

टायरच्या खांद्याला, म्हणजे तळव्याची कड बाजूच्या भिंतीला मिळते तिथे, ओला चुना किंवा खडू लावावा. मग सपाट मोकळ्या जागेवर गाडी अगदी सावकाश दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुढे-मागे घ्यावी. यानंतर खरी परीक्षा करावी: एका बाजूचे पुढचे आणि दुसऱ्या बाजूचे मागचे चाक मजबूत रॅम्पवर किंवा पक्क्या चढावर घेऊन, म्हणजे गाडी कर्णरेषेत पिळून, स्टिअरिंग पुन्हा दोन्हीकडे वळवावे. जिप्सी आणि जिम्नीसारख्या सलग अ‍ॅक्सलच्या, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके एकाच दांड्यावर असलेल्या, गाड्यांत एक बाजू दबली की चाकाचा माथा आतल्या बाजूला झुकतो, तर २०२० नंतरच्या थारच्या पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन असल्यामुळे चाकाचा मार्ग वेगळा असतो. म्हणून एका मित्राच्या गाडीवरची कापण्याची रेषा दुसऱ्या प्रकारच्या गाडीवर कधीही उतरवून घेऊ नये. चुन्याचे डाग जिथे उमटतील तिथे चिकटपट्टी लावून खूण करावी आणि त्या खुणेच्या पलीकडे साधारण बोटभर मोकळी जागा धरावी, कारण चिखल चिकटल्यावर टायर आणखी जाड होतो. उमरेड आणि भिवापूरकडच्या काळ्या मातीत गाडी चालवलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग मूळ कापणे आणि नवीन बसवणे यांत खरा फरक कोणता?

पुष्कळ चर्चा किंमत आणि दिसणे यांच्याभोवती फिरते, पण माझ्या मते निर्णय पुढच्या मडगार्डवर नसून मागच्या कमानीवर ठरतो. पुढचे मडगार्ड बहुतेक गाड्यांत बोल्टने जोडलेला एक स्वतंत्र पत्रा असतो. तो कापला आणि चूक झाली, तर दुसरा आणून बसवता येतो. मागची कमान मात्र बॉडीचाच भाग असते. बाजारातला मागचा ‘मडगार्ड’ म्हणून जे विकले जाते ते प्रत्यक्षात कापलेल्या पत्र्यावर बाहेरून बसवायचे झाकण असते. म्हणजे तुम्ही नवीन संच विकत घेतला तरी मागे कापणे टळत नाही.

त्यामुळे ‘कापायचे नाही म्हणून संच घेतो’ हा विचार निम्म्या गाडीपुरताच खरा असतो. टायर मूळ मापापेक्षा एक पायरी मोठा असेल आणि मडगार्ड धड असतील, तर पुढचे मूळ मडगार्ड मोजून कापणे आणि मागची कड आत वाकवणे एवढे बहुतेकांना पुरते. मडगार्ड आधीच अपघातात चेपलेले किंवा गंजलेले असतील, किंवा टायर इतका रुंद असेल की तो कमानीच्या बाहेर डोकावतो, तर नवीन संच घेण्यात अर्थ आहे.

मागची कमान कापताना एवढी भीती का घालतात?

कारण तिथे पत्र्याचे दोन थर असतात. बाहेरचा रंगवलेला पत्रा आणि आतली चाकाची पेटी कमानीच्या कडेला एकत्र येतात व स्पॉट वेल्डने जोडलेली असतात. ती कड कापून टाकली की दोन थरांमध्ये फट उघडते आणि टायर उडवतो ते पाणी, वाळू व चिखल सरळ बॉडीच्या आत जातात. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही, कारण त्यावर काळ्या प्लास्टिकची पट्टी बसलेली असते.

माझ्या जुन्या जिप्सीच्या बाबतीत हेच घडले. एका गॅरेजने कमानी सुरेख गोल कापल्या, कडेला काळा रंग मारला आणि वरून फायबरची पट्टी बसवून गाडी परत दिली. फट बंद करण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही तेव्हा तो ठाऊक नव्हता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कमानीच्या वर रंगाला फोड आले. पट्टी काढून पाहिले तेव्हा दोन पत्र्यांच्या मध्ये वाळलेली काळी माती ठासून भरलेली होती आणि आतला पत्रा बोटाने दाबला तर सुटत होता. ती बाजू नव्याने बांधण्याचा खर्च मडगार्डच्या संपूर्ण कामापेक्षा जास्त झाला.

शक्य असेल तेथे मागची कड कापण्याऐवजी तिच्यावर ठरावीक अंतराने उभ्या चिरा देऊन ती हातोडीने आत वळवावी. त्यामुळे धारदार कड राहत नाही आणि पत्र्याची ताकदही बरीचशी टिकते. कापणे अपरिहार्यच असेल, तर दोन्ही थर पुन्हा एकमेकांना मिळवून वेल्ड करावेत आणि सांध्यावर सीम सीलर, म्हणजे पत्र्याचे सांधे बंद करणारा लेप, भरावा. जो कारागीर ‘सिलिकॉन लावून देतो’ म्हणतो त्याच्याकडे हे काम देऊ नये.

कुठे अजिबात कापू नये?

बाहेरच्या मडगार्डच्या आत, बॉनेटच्या कडेला समांतर जाणारी जी जाड पेटी असते ती गाडीच्या रचनेचा भाग असून धडकेचा भार वाहते. तिला हात लावू नये. चासीवरचे बॉडी माउंट (बॉडी चासीवर जिथे टेकते त्या जागा), दाराखालच्या पट्टीचा पुढचा टोकाचा भाग आणि बिजागरीजवळचा खांब यांनाही हेच लागू आहे. टायर यांपैकी कशालाही घासत असेल तर पत्रा नव्हे, टायर चुकला आहे.

कापण्यासाठी कोणते हत्यार योग्य?

ग्राइंडर सगळीकडे मिळतो आणि काम झटपट करतो, म्हणून नागपुरातल्या बहुतेक गॅरेजमध्ये तोच उचलला जातो. त्याची अडचण ठिणग्यांची आहे. त्या काचेत आणि रंगात रुततात, तिथे बारीक गंजाचे ठिपके उठतात, आणि कडेचा जस्ताचा थर उष्णतेने जळून जातो. पत्रा कापण्याची कात्री, निबलर (पत्रा कुरतडत कापणारे यंत्र) किंवा बारीक दातांची जिग सॉ यांनी वेळ जास्त लागतो पण कड थंड राहते. ग्राइंडरच वापरायचा असेल तर काचा आणि दारे ओल्या गोणपाटाने झाकावीत. कोणत्याही हत्याराने काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढावी आणि मडगार्डच्या मागे काय आहे ते आतून पाहावे, कारण तेथे काच धुण्याच्या पाण्याची टाकी, हॉर्न, दिव्यांची वायर आणि ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या सेन्सरची वायर असू शकते.

कापलेल्या कडेला नेमके काय लावावे?

कड कानशीने घासून बोट फिरवता येईल इतकी गुळगुळीत करावी. त्यावर झिंकयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि आतल्या बाजूने अंडरबॉडी कोटिंग असा क्रम ठेवावा. नुसता रेड ऑक्साइड मारून वर काळा रंग देणे ही घराच्या गेटसाठी चालणारी पद्धत आहे. सतत दगडांचा मारा खाणाऱ्या कडेवर ती एक पावसाळा टिकत नाही.

कापलेल्या कडेवर रबराची बीडिंग, म्हणजे खाच असलेली पट्टी, लावण्याबाबत माझे मत इतरांपेक्षा वेगळे आहे. ती दिसायला नीटनेटकी असते आणि हात कापण्यापासून वाचवते, हे खरे. परंतु काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात, ही माती पाणी शोषून फुगते आणि दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. बीडिंगच्या खाचेत ती शिरली की कड आतून गंजत राहते. बीडिंग लावायचीच असेल तर चिकटवू नये. नुसती दाबून बसवावी, म्हणजे ती काढून धुता येईल. रामटेककडच्या मुरमाड, बरड जमिनीवर फिरणाऱ्यांना हा त्रास पुष्कळ कमी होतो.

फायबर, प्लास्टिक की लोखंड?

फायबरचे मडगार्ड हलके असतात, फाटले तर मॅट आणि रेझिन लावून कुठेही दुरुस्त होतात, आणि पुढचे पूर्ण मडगार्ड बदलायचे असतील तर बहुतेक वेळा हाच पर्याय मिळतो. मात्र साच्यातून निघालेला प्रत्येक नग थोडा वेगळा असतो. बॉनेट आणि दार यांच्याशी फट जुळवण्यासाठी घासणे, वॉशर भरणे, पुट्टी करणे असे बरेच काम निघते, आणि त्याची मजुरी किंमत विचारताना कुणी सांगत नाही. झाडाच्या बुंध्याला घासल्यावर फायबर वाकत नाही, तडकते.

एबीएस नावाच्या प्लास्टिकचे फ्लेअर, म्हणजे कमानीवर बाहेरून बसवायच्या रुंद पट्ट्या, लवचीक असतात आणि फांद्या-दगडांचा फटका खाऊन परत जागेवर येतात. मागच्या कमानीसाठी आणि मूळ मडगार्ड कापून वरून झाकण्यासाठी मला हेच सर्वांत समंजस वाटतात.

लोखंडी पाइप आणि जाड पत्र्याचे फेंडर दिसायला दणकट असतात, पण दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा कारखान्याच्या मडगार्डच्या काही पट जड भरतो, आणि पातळ मडगार्ड चेपून जो धक्का स्वतः पचवतो तो हा फेंडर बोल्टांवाटे बॉडीकडे पोहोचवतो. स्पर्धेच्या गाडीला तो शोभतो, घरच्या गाडीला नाही. अ‍ॅल्युमिनियमचे मडगार्ड हलके आणि न गंजणारे असले तरी लोखंडी बोल्ट आणि ओल एकत्र आले की सांध्यापाशी अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून मध्ये रबर किंवा नायलॉनचे वॉशर घालणे आवश्यक असते.

मूळ मडगार्ड कशाचा आहे याची खात्री नसेल तर लोहचुंबक लावून पाहावा.

नागपूरच्या उन्हाचा यावर परिणाम होतो का?

होतो, आणि तो मुख्यतः बसवण्याच्या पद्धतीवर होतो. मे महिन्यात, नवतपाच्या दिवसांत, येथे पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा काळा भाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. हिवाळ्यातल्या पहाटे तोच भाग दहा अंशांच्या आसपास असतो. एबीएस तापल्यावर लोखंडाच्या सहा-सात पट प्रसरण पावते. मीटरभर लांबीच्या फ्लेअरमध्ये हा फरक काही मिलिमीटरचा होतो. फ्लेअर पक्क्या गोल छिद्रांत आवळून बसवला असेल तर तो उन्हाळ्यात लाटेसारखा फुगतो आणि बोल्टापाशी तडा जातो. म्हणून मधला एक बोल्ट गोल छिद्रात आणि बाकीचे लांबट छिद्रांत घ्यावेत, वर रुंद वॉशर घालावेत आणि बोल्ट बेताने आवळावेत. हिंगणा एमआयडीसीत साधे फॅब्रिकेशन करणारा कारागीरही लांबट छिद्रे पाडून देतो. नुसत्या दुहेरी टेपवर चिकटवलेले फ्लेअर येथे दोन उन्हाळे काढतील, असे मानू नये.

मूळ मडगार्ड न गमावता काम होऊ शकते का?

पुढच्या बाजूला होऊ शकते, आणि अनेक मालकांसाठी हाच उत्तम मार्ग आहे. भंगारातून किंवा सुट्या भागांच्या दुकानातून त्याच गाडीच्या मडगार्डची दुसरी जोडी घ्यावी, ती कापावी, रंगवावी व बसवावी, आणि मूळ जोडी कापडात गुंडाळून घरी उभी ठेवावी. गाडी विकताना किंवा मूळ रूपात परत नेताना ती कामी येते. जिप्सीसारख्या बंद झालेल्या गाडीच्या बाबतीत तर धड मूळ मडगार्ड कापणे मला मनापासून टोचते. अशी जोडी आता सहज सापडत नाही, आणि तिला कात्री लावण्याआधी फायबरची जोडी बसवून पाहावी.

आरटीओ आणि विमा यांचे काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. गाडी एमएच-३१ ची असो, एमएच-४९ ची असो की एमएच-४० ची, काम करण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करणे हाच योग्य मार्ग आहे. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा, कारण न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण ठरतो.

कायदा बाजूला ठेवला तरी टायरचा तळवा वरून पूर्ण झाकलेला असणे ही मागून येणाऱ्यांप्रती आपली जबाबदारी आहे. वर्धा रोडवर ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीच्या उघड्या टायरमधून सुटलेला खडा मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर जातो. शिवाय वर दिलेल्या उदाहरणातल्या टायरवर स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे ८६ च्या वेगात असते, हेही ध्यानात ठेवावे.

आतले प्लास्टिकचे लायनर काढून टाकले तर चालते का?

चालत नाही. त्यामागे वायरिंग, अल्टरनेटर आणि बिजागऱ्या असतात. लायनर घासत असेल तर त्या जागी हीट गनने तापवून आत दाबावा किंवा तेवढाच तुकडा कापावा.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना काय पाहावे?

चुन्याची परीक्षा गॅरेजच्या आवारातच पुन्हा करावी. दोन्ही बाजूंच्या कमानींची उंची चाकाच्या मध्यापासून टेपने मोजावी. मागच्या कमानीची पट्टी बसवण्यापूर्वीचे, वेल्ड आणि सीलर दिसतील असे फोटो कारागिराकडून आधीच मागून ठेवावेत. पट्टी एकदा चढली की आत काय झाले ते कळण्याचा दुसरा मार्ग राहत नाही.

पावसाळ्यात आणि नंतर कोणती काळजी घ्यावी?

काळ्या मातीतून आल्यावर गाडी त्याच संध्याकाळी धुवावी. माती वाळली की पाण्याच्या साध्या फवाऱ्याने निघत नाही. फवारा बाहेरून न मारता चाकाच्या आतून, कमानीच्या कडेकडे मारावा. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आत, फ्लेअरचे बोल्ट सैल करून पट्टी उतरवावी आणि कड उजेडात पाहावी. तांबूस ठिपका दिसला तर तो लगेच पांढऱ्या पत्र्यापर्यंत खरवडून झिंकयुक्त प्रायमर त्याच दिवशी लावावा, आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय पट्टी परत चढवू नये.